कर्ज काढून बॉडीगार्ड?

पत्राचा सारांश: वाचकाचं वय २५, सांगली जिल्ह्यातल्या एका गावचा, बी.ए. झालेला. शाळेत असल्यापासून तालमीत जातो. पोलीस भरतीला तीनदा उतरला. मैदानी चाचणीत गुण चांगले पडले, लेखी परीक्षेत तिन्ही वेळा मागे राहिला. सध्या पुण्यात चुलतभावाच्या खोलीवर राहतो आणि शनिवार-रविवार एका क्लबच्या दारात बाऊन्सर म्हणून उभा असतो. तिथल्याच एकाने त्याला एक अकादमी दाखवली आहे. ४५ दिवसांचा ‘कमांडो बॉडीगार्ड कोर्स’, फी १ लाख ४० हजार, शस्त्राचं प्रशिक्षण, आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र आणि शंभर टक्के नोकरी. वडील पतसंस्थेचं कर्ज काढायला तयार आहेत. आई म्हणते, दुसऱ्याची गोळी माझ्या पोराने का खायची? दाजी म्हणतात, एवढे पैसे घालून शेवटी वॉचमनच होणार. मुलगी बघायला गेलं की काय काम करतो हे सांगायची लाज वाटते. तो विचारतो, “ताई, कोर्स करू का? शरीर कमावलेलं आहे, भीती कशाची वाटत नाही. अजून काय लागतं?”

*

तुझं शेवटचं वाक्य आणि अकादमीचा फ्लेक्स यांत मला फारसा फरक दिसत नाही. काळा गॉगल, कानात वायर, दंड फुगवलेला गडी आणि मागे काळी गाडी. तुझ्या मनात या कामाचं जे चित्र आहे तेच त्यांनी छापलंय, आणि ते तुझ्या मनात आहे हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. म्हणून आधी काम काय असतं ते बघू. पैशांचं नंतर.

३० मार्च १९८१. अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन वॉशिंग्टनच्या एका हॉटेलातून भाषण करून बाहेर पडले. दारापासून गाडीपर्यंत मोजकी पावलं, आणि तेवढ्यात गोळीबार झाला. टिम मॅकार्थी नावाचा सुरक्षा अधिकारी गोळ्यांच्या दिशेने तोंड करून उभा राहिला आणि त्याच्या पोटात गोळी लागली. तो वाचला, पण तुझ्या आईला धास्ती आहे ती याचीच, आणि ती खोटी नाही. त्याच क्षणी जेरी पार नावाच्या दुसऱ्या अधिकाऱ्याने रेगनना गाडीत ढकललं आणि गाडी व्हाइट हाउसकडे निघाली. रेगनना गोळी लागलीय हे तोवर कोणालाच कळलं नव्हतं, खुद्द त्यांनाही नाही. वाटेत पारला त्यांच्या तोंडातून फेसाळ लाल रक्त येताना दिसलं. दुखापत फुप्फुसाला आहे हे त्याने ओळखलं आणि गाडी तशीच रुग्णालयाकडे वळवली. अध्यक्ष वाचले. या सगळ्यात दंडाची ताकद लागली ती ढकलण्यापुरती. बाकी सगळं प्रथमोपचाराचं ज्ञान, रस्त्यांची माहिती आणि ठरलेला बेत मोडायची तयारी.

आपल्याकडचं बघ. ऑक्टोबर २०२४ मध्ये माजी मंत्री बाबा सिद्दिकी वांद्र्यात मुलाच्या कार्यालयातून बाहेर पडत होते तेव्हा त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. सोबत पोलीस अंगरक्षक होता. पोलीस खात्यातलं प्रशिक्षण घेतलेला माणूस बाजूला असूनही हल्ला झाला. पुन्हा तेच ठिकाण: दार आणि गाडी यांच्यामधली जागा. म्हणून या धंद्यातले जाणते लोक ‘ॲडव्हान्स’ला, म्हणजे जागा आधी जाऊन बघून येण्याला, जीव लावतात. क्लायंट संध्याकाळी सातला लग्नाला जाणार असेल, तर आपण दुपारीच हॉल बघून यायचा. गाडी कुठे थांबेल, मागचं दार उघडं असतं का, लिफ्ट बंद पडली तर जिना कुठे, स्टेजवर कोण कोण चढणार, जवळचं मोठं रुग्णालय कोणतं आणि वरात रस्त्यात आली तर दुसरी वाट कुठून. हे नीट झालं की संध्याकाळी काहीच घडत नाही. तू चार तास भिंतीला पाठ लावून उभा राहतोस आणि घरी जातोस. कोणी टाळ्या वाजवत नाही.

आता तुझं ‘भीती वाटत नाही’. क्लबच्या दारात हे चालून जातं. पण माणसाच्या सोबत चालायचं असेल तर थोडी भीती असलेला बरा, कारण तो आधी बघतो. ऊन तापलेलं असताना जाकीट घालून उभा असलेला माणूस कोण, सकाळपासून तीच दुचाकी मागे का आहे, हे त्याच्या लक्षात येतं. तू तालमीतला आहेस. समोरच्याचा खांदा हलायच्या आधी त्याच्या पायावरून डाव ओळखायची सवय तुला असणार. तुझ्याजवळची खरी पुंजी ती आहे, आणि फ्लेक्सवर तिचा फोटो काढता येत नाही.

आणखी एक गोष्ट कोणत्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत, आणि माझ्या मते या कामातलं सगळ्यात अवघड तेच आहे: पगार देणाऱ्याला नाही म्हणणं. ३१ ऑगस्ट १९९७ ला पॅरिसमध्ये प्रिन्सेस डायनाचा अपघात झाला, त्या गाडीत पुढच्या सीटवर खासगी अंगरक्षक बसलेला होता. गाडी चालवणारा दारू प्यायलेला होता. मागे बसलेल्यांनी पट्टे बांधले नव्हते. अंगरक्षक जबर जखमी होऊन वाचला, बाकीचे तिघे गेले. त्याला दोष देणं सोपं आहे. पण बेत त्याच्या मालकाच्या मुलाने, डायनासोबत मागे बसलेल्या डोडी फाएदने, ठरवलेला होता आणि हा पगारी माणूस. आता तू स्वतःला त्या जागी ठेव. पन्नाशीचा बिल्डर पार्टीतून झुलत बाहेर आलाय, चावी स्वतःच्या हातात आहे, चार मित्र हसतायत. तू त्याला नम्रपणे आणि ठामपणे मागच्या सीटवर बसवू शकशील का? बसवलंस तरी दुसऱ्या दिवशी नोकरी राहील का? दोन्ही प्रश्नांची उत्तरं घेऊनच या कामात उतरायचं.

रोजच्या कामाबद्दलही कोणी सांगणार नाही, म्हणून मीच सांगते. बारा तासांची ड्युटी, त्यातले बरेचसे गाडीत किंवा दाराबाहेर. जेवण मिळेल तेव्हा, फोन खिशात. घरातली भांडणं कानावर पडणार आणि ती बाहेर कोणाला सांगायची नाहीत, बायकोलाही नाही. महिन्याभरात कोणीतरी हातात खरेदीच्या पिशव्या देईल, कोणी कुत्रं फिरवायला सांगेल. पिशव्या हातात असलेला अंगरक्षक अंगरक्षक उरत नाही, त्याचे हात मोकळे हवेत. चांगली एजन्सी हे क्लायंटला आधीच बजावते. साधी एजन्सी तुलाच म्हणते, ‘घे ना जरा, काय होतंय.’

कायद्याच्या बाबतीत तर तुझी कल्पना पूर्णच बदलायला हवी. खासगी सुरक्षा रक्षकाला पोलिसांचे कसलेही अधिकार नाहीत. तुला जो अधिकार आहे तोच रस्त्यावरच्या कोणालाही आहे. भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या शरीराचं, मालमत्तेचं रक्षण करू देतात, पण धोका असेल तेवढंच आणि तेवढाच वेळ. कोणी तुझ्यासमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा केला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे तू त्याला धरू शकतोस, आणि सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावंच लागतं. सेल्फीसाठी अंगावर आलेल्या पोराच्या कानाखाली वाजवणं यात कुठेच बसत नाही. ते झालं की गुन्हा तुझ्या नावावर. क्लायंटच्या नावावर नाही.

इथे तुझ्या शनिवार-रविवारबद्दल बोलायला हवं. पत्रात तू ते ओझरतं लिहिलंयस, मला मात्र सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. क्लबच्या दारातली एक झटापट, एक तक्रार, आणि चारित्र्य पडताळणीच्या अर्जात ‘गुन्हा दाखल आहे का’ या रकान्यासमोर तुला ‘होय’ लिहावं लागेल. मग पोलीस भरतीही अडकते आणि खासगी सुरक्षेतली नोकरीही, कारण एजन्सीलाही रक्षकाचं चारित्र्य तपासूनच घ्यावं लागतं. एका रात्रीच्या रोख पैशासाठी तू दोन्ही वाटा पणाला लावतोयस. शक्य तितक्या लवकर ते सोड.

आता कोर्स. खासगी सुरक्षा एजन्स्यांचा कायदा २००५ चा आहे. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून लोक त्याला ‘पसारा’ म्हणतात आणि एजन्सीकडे ‘पसारा लायसन्स’ असावंच लागतं. कोणाही माणसाचं किंवा मालमत्तेचं रक्षण, दोन्ही या एकाच कायद्यात येतं. म्हणजे सोसायटीच्या दारावरचा रक्षक आणि नटाच्या मागे चालणारा बॉडीगार्ड कायद्याच्या लेखी एकाच वर्गातले, दोघांसाठी वेगळी पदवी नाही. केंद्राच्या नमुना नियमांप्रमाणे नव्या रक्षकाचं प्रशिक्षण म्हणजे किमान १०० तास वर्गात आणि ६० तास मैदानावर, कमीत कमी २० दिवसांत. माजी सैनिक आणि माजी पोलिसांना त्यात सूट आहे. विषय बघ: आग विझवणं, गर्दी आवरणं, ओळखपत्रं तपासणं, बॉम्बसारखी वस्तू ओळखणं, प्रथमोपचार, एफआयआर कशी नोंदवतात, कामापुरतं इंग्रजी वाचन. हत्यार हाताळणं यात ऐच्छिक आहे. शारीरिक निकष पुरुषांसाठी १६० सेंटिमीटर उंची आणि सहा मिनिटांत एक किलोमीटर धावणं. पोलीस भरतीचं मैदान मारणाऱ्याला हे किरकोळ आहे. बऱ्याच मोठ्या एजन्स्या हे प्रशिक्षण आपल्याच केंद्रात करून घेतात. तेव्हा १ लाख ४० हजारांत याहून वेगळं काय मिळणार, हे अकादमीने सांगायला हवं.

ते सांगतील, हत्यार. मग विचार, कोणतं हत्यार, परवाना कोणाच्या नावावर, गोळ्या कोणत्या मान्यताप्राप्त रेंजवर झाडायच्या आणि किती. बहुतेक ठिकाणी उत्तर एअरगनवर किंवा लाकडी बंदुकीवर येऊन थांबतं. आणि चालवायला शिकलास तरी जवळ बाळगणार कशी? शस्त्र परवाना २१ वर्षांवरच्या माणसाला, स्वतःच्या नावाने, कारण पटलं तर मिळतो. शहरात पोलीस आयुक्त, जिल्ह्यात जिल्हाधिकारी ठरवतात. ‘मी कोर्स केलाय’ हे कारण होत नाही. बंदूकवाल्या कामांवर म्हणूनच माजी सैनिक दिसतात: त्यांच्याकडे सराव असतो आणि बऱ्याचदा परवानाही.

ते म्हणतील, कमांडो. खासगी रक्षकाने सैन्याचा किंवा पोलिसांचा गणवेश, किंवा तसा दिसणारा वेश घातला तर याच कायद्याच्या कलम २१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, किंवा दोन्ही. फोटो काढायला लष्करी ठिपक्यांचे कपडे देत असतील तर तिथूनच ओळख.

ते म्हणतील, आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र. जगभर चालणारं असं प्रमाणपत्र नसतं. ब्रिटनमध्ये हे काम करायला एसआयए या तिथल्या सरकारी नियामक संस्थेचा परवाना लागतो, दुबईत सिरा या तशाच संस्थेचा, आणि ते त्यांच्याच अटींवर मिळतात. परदेशाचं गाजर पुढे केलं तर एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे का, हे ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर बघितल्याशिवाय पासपोर्ट हातातून सोडू नकोस. ‘सिक्युरिटी हेल्पर’ म्हणून रशियाला नेलेली आपली पोरं युक्रेनच्या आघाडीवर जाऊन पडली, काही परत आलीच नाहीत. २०२४ मध्ये सीबीआयने त्यात गुन्हा नोंदवला. सुरक्षा हा शब्द ऐकला की आपल्याकडची धडधाकट मुलं फार पटकन हो म्हणतात.

राहिली शंभर टक्के नोकरी. ती कोणत्या एजन्सीत, तिचा पसारा परवाना क्रमांक काय, पगार बँकेत की रोख, पीएफ-ईएसआय कापतात का, नोकरी मिळाली नाही तर फी परत किती दिवसांत, हे सगळं कागदावर मागायचं. मागच्या बॅचमधल्या मुलांचे नंबर माग, पण अकादमीने निवडून दिलेल्या दोघांशी बोलून थांबू नकोस, बाकीच्यांनाही गाठ. मूळ गुणपत्रिका ‘जमा करा’ म्हणाले तर तिथूनच मागे फिर.

म्हणून माझं उत्तर: कर्ज काढून हा कोर्स करू नकोस. काम करायचंच नाही असं मी म्हणत नाही.

तुझ्या पत्रात आणखी एक गोष्ट मला दिसली. तीनही वेळा तू लेखीत मागे पडलास, मैदानात नाही. आणि आता ४५ दिवस पुन्हा मैदानच विकत घेतोयस. दुखणं दाताचं आणि पट्टी गुडघ्याला. खुल्या प्रवर्गातून असशील तर पोलीस भरतीची वयोमर्यादा २८ आहे, राखीव असेल तर आणखी पुढे. खाकी तुझ्या मनातून उतरलीय का, की तिच्याऐवजी तिच्यासारखं दिसणारं काहीतरी शोधतोयस? उतरली नसेल तर ती १०० गुणांची लेखी परीक्षा, गणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, यावर वर्षभर बस. उतरली असेल तरी हा अभ्यास फुकट जात नाही. चांगल्या घरी किंवा कंपनीत कामाला लागलास की रोजचा अहवाल लिहावा लागतो, इंग्रजी मेल वाचावा लागतो, पाहुण्याशी हिंदीत आणि परदेशी पाहुण्याशी इंग्रजीत चार वाक्यं बोलावी लागतात. तिथे पिळदार मुलं मागे पडतात आणि नीट बोलणारी पुढे जातात.

आणि पोटापाण्यासाठी या मधल्या काळात? परवाना असलेल्या एजन्सीत साधी रक्षकाची नोकरी धर. शक्यतो मोठ्या कंपनीत किंवा रुग्णालयात, जिथे नियंत्रण कक्ष, कॅमेरे, पाहुण्यांची नोंद, आगीचे सराव हे सगळं बघायला मिळतं. दाजींना म्हणावं, हो, वॉचमनच. जानेवारी २०२५ मध्ये सैफ अली खानच्या वांद्र्यातल्या घरात घुसखोर शिरला आणि त्याने चाकूचे वार केले. एवढा मोठा नट, पण माणूस आधी इमारतीत शिरला आणि मग घरात. खालच्या दारावर कोण उभं आहे आणि ते जागं आहे का, यावर वरच्या मजल्यावरच्याचा जीव असतो. जो दोन वर्षं दार नीट सांभाळतो, त्यालाच एजन्सी एखाद्या कुटुंबाच्या गाडीसोबत पाठवते. या धंद्यात वर जाण्याची नेहमीची वाट अशी आहे.

सोबत होमगार्डमध्ये नाव घाल. बंदोबस्ताची सवय होते, मानधन मिळतं, आणि पसारा कायद्यात एजन्स्यांना नोकरी देताना माजी सैनिक-पोलिसांबरोबर होमगार्डनाही प्राधान्य देता येतं. महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळाच्या भरतीच्या जाहिराती आणि तुझ्या जिल्ह्याचं सुरक्षा रक्षक मंडळ, दोन्हींवर लक्ष ठेव. तिथल्या नोकऱ्यांना नियमांचा आधार असतो. चारचाकीचा परवाना काढ आणि रात्रीच्या घाटात गाडी शांतपणे चालवायला शिक. रेड क्रॉस किंवा सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचा प्रथमोपचाराचा कोर्स कर. या सगळ्याचा खर्च त्या १ लाख ४० हजारांच्या आसपासही जाणार नाही. दोन वर्षांनी खास अंगरक्षणाचा कोर्स करावासा वाटला तर तेव्हा कर, स्वतःच्या पगारातून, आणि शिकवणारे स्वतः हे काम केलेले आहेत ना हे पाहून.

हे वाचणाऱ्या मुलींसाठीही थोडं. बाईची झडती बाईनेच घ्यावी लागते, आणि पुष्कळ घरांना आईसोबत किंवा मुलीसोबत चालायला बाईच हवी असते. तशा प्रशिक्षित स्त्रिया अजून कमी आहेत. वरचं सगळं तुम्हालाही लागू आहे. फक्त रात्रीच्या ड्युटीनंतर घरी सोडायची गाडी कोण देणार, हे नोकरी घेतानाच विचारा.

आईच्या प्रश्नाला मी काय उत्तर देऊ? रेगनची गोष्ट तिला सांगितलीस तर मॅकार्थी तिच्या लक्षात राहील, पार नाही. तिला रोजच्या ड्युटीचं खरं वर्णन कर, कंटाळ्यासकट. आणि मुलगी बघायला जाशील तेव्हा ‘सुरक्षा रक्षक आहे, पगार बँकेत येतो, पीएफ कापतात, भरतीचा अभ्यास चालू आहे’ असं सरळ सांग. हे ऐकून उठून जाणारं घर तुझ्या कामाच्या वेळा आणि सुट्ट्या पुढे समजून घेणार नव्हतंच.

अकादमीला टोकन दिलंस की नाही हे पत्रात नाही. दिलं असशील तर पावती हातात घे, पैसे परत हवेत असं लेखी कळव, त्याची पोच ठेव. त्यांनी टाळाटाळ केली तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. आणि दिलं नसशील तर आज संध्याकाळी वडिलांना फोन कर, पतसंस्थेच्या अर्जावर त्यांची सही व्हायच्या आत.